ध्रुवतारा साडेअठरा अंशांवर : पुण्यातून दीर्घिका आणि तेजोमेघ टिपताना

पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश. म्हणजे ध्रुवताराही क्षितिजापासून तेवढाच वर, हात लांब करून मूठ धरली तर जेमतेम दोन मुठी. दीर्घिका (गॅलेक्सी) आणि तेजोमेघ (नेब्युला) यांच्या छायाचित्रणाचे इंटरनेटवरचे बहुतेक धडे युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी केलेले आहेत. त्यांच्याकडे ध्रुव चाळीस-पन्नास अंशांवर असतो. ते धडे जसेच्या तसे इथे वापरले की काउंटरवेट, म्हणजे दुर्बिणीचा तोल सांभाळणारं वजन, ट्रायपॉडच्या पायावर आपटतं आणि ध्रुव शेजारच्या इमारतीमागे दडलेला असतो. उलट आपल्याला जे आपसूक मिळतं त्याचा त्या धड्यांत उल्लेखही नसतो. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पुण्यात २४ अंश वर येतो, लंडनहून तो कधीच उगवत नाही. म्हणून हा लेख पुण्याच्या आकाशापुरताच.

आधी जागा, कारण कॅमेऱ्यापेक्षा जागेने जास्त फरक पडतो. आकाशाच्या पार्श्वभूमीची तेजस्विता प्रति चौरस विकला किती प्रत, अशी मोजतात. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, आणि प्रतीचा आकडा जितका मोठा तितकं आकाश काळोखं. शहराच्या मध्यात ती साधारण १८ आणि काळोख्या गावात २१ धरली, तर तीन प्रतींचा फरक म्हणजे शहराचं आकाश जवळजवळ १६ पट उजळ. मंद दीर्घिकेच्या बाबतीत पार्श्वभूमीचा गोंगाट, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, हाच मुख्य शत्रू असतो. त्यामुळे गावातल्या एका तासात जो दर्जा मिळतो, त्यासाठी शहरात सुमारे १६ तास लागतात. हजारो रुपयांची लेन्स बदलून हे अंतर भरून निघत नाही.

पण "पुण्याजवळ अंधारी जागा कोणती" हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या दिशेचं लक्ष्य घ्यायचं आहे ते ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही. वेल्ह्याला गेलात तर पुण्याचा उजेड ईशान्येला दिसतो, भोरहून तो सरळ उत्तरेला. दोन्ही ठिकाणी दक्षिणेचं आकाश चांगलं असतं. वृश्चिक, धनू आणि नरतुरंगातली लक्ष्यं तिथून घ्यावीत. सप्तर्षीतल्या एम ८१ आणि एम ८२ (एम म्हणजे मेसिएच्या यादीतला क्रमांक) या दीर्घिकांच्या जोडीचं मात्र तिथे नुकसान होतं, कारण ती ऐन उत्तरेला फक्त ३९ अंशांपर्यंत चढते आणि शहराच्या उजेडाच्या घुमटावरच बसते. तिच्यासाठी जुन्नर-माळशेजच्या बाजूला जावं. तिथे पुणे दक्षिणेला राहतं आणि ध्रुवाकडची बाजू मोकळी मिळते. पश्चिमेला कल्याणकडचा उजेड असतो, तेवढा हिशेब धरावा. मुळशी-ताम्हिणीच्या बाजूने पुणे पूर्वेला येतं, म्हणून तिथे लक्ष्य मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडून पश्चिमेकडे कलल्यावर घेणं बरं. शिवाय धरणांच्या काठी दव लवकर पडतं आणि पहाटे धुकं भरतं.

जुन्नर भागात बिबट्यांचा वावर आहे. उसाच्या कडेला किंवा एकट्याने रात्रभर बसू नये. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारखी, १९४४ पासून काम करणारी, हौशी आकाशप्रेमींची संस्था आहे. नव्या माणसाने सुरुवातीला अशा गटाबरोबर आकाशदर्शनाला जावं. गावात कोणाच्या शेतात बसायचं तर आधी विचारून घ्यावं, आणि रात्री लाल टॉर्च घेऊन फिरणारी माणसं कोण हे पोलीस पाटलांच्या कानावर घातलेलं असावं.

आता तिथी. कृष्ण दशमीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतच्या रात्री उपयोगाच्या. दशमीला चंद्र मध्यरात्रीनंतर बराच उशिरा उगवतो, तृतीयेला रात्री लवकर मावळतो. दिवाळीतली आश्विन अमावास्या चंद्राच्या हिशेबाने उत्तम, पण फटाक्यांच्या धुराने शहराजवळचं आकाश दुधट होतं. त्या दिवसांत जायचंच तर चांगलं लांब जावं. खरा हंगाम कार्तिक ते माघ या चार अमावास्यांचा. त्यातही अवकाळी पावसाने हवा धुऊन निघाल्यानंतरच्या एक-दोन रात्री सर्वांत स्वच्छ असतात. मार्चनंतर धूळ वाढते आणि क्षितिजाजवळचा पट्टा मळकट होतो. तरी फाल्गुन अमावास्या, म्हणजे गुढीपाडव्याच्या अलीकडची रात्र, मी कधीच सोडू नये म्हणेन. तेव्हा कन्या, सिंह आणि अरुंधती केश यांतल्या दीर्घिका रात्रभर वर असतात. कन्येतली मार्केरियन शृंखला सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि पुण्यात ती जवळजवळ डोक्यावरून जाते, ८४ अंशांहून उंच. धूळ असली तरी डोक्यावर हवेचा थर सर्वांत पातळ असतो, म्हणून मार्चमधली लक्ष्यं डोक्यावरचीच निवडावीत.

नोव्हेंबरच्या मध्याला देवयानी दीर्घिका, म्हणजे एम ३१, रात्री साडेनऊच्या सुमारास उत्तरेला ६७ अंशांवर पोचते. तिच्यामागोमाग त्रिकोणातली एम ३३ येते. हिचा पृष्ठभाग फार मंद आहे, शहरातून तिच्या वाटेला जाऊ नये. डिसेंबरात मृगातला एम ४२, जानेवारीत एकशृंगीतला रोझेट हे तेजोमेघ. एप्रिलच्या मध्याला मध्यरात्री ओमेगा सेंटॉरी आणि सेंटॉरस ए ही दीर्घिका एकाच वेळी दक्षिणेला उभी असतात. दोघांमध्ये साडेचार अंशांचं अंतर आहे. १३५ मिमी लेन्स आणि एपीएस-सी (बऱ्याच डीएसएलआरमध्ये असतो तो मध्यम आकाराचा) सेन्सर यांची चौकट साधारण साडेनऊ बाय सव्वासहा अंशांची, त्यामुळे दोन्ही एकाच फ्रेममध्ये बसतात. आपल्या अक्षांशाने दिलेलं हे फार सुंदर चित्र आहे आणि त्यासाठी दुर्बीणही लागत नाही. फक्त दक्षिण क्षितिजापर्यंत डोंगर आडवा नको.

माउंट, म्हणजे कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारं यंत्र, लावणं हा पुण्यातला सर्वांत अवघड भाग, म्हणून त्यावर थोडं सविस्तर.

विषुववृत्तीय माउंटचा अक्ष खऱ्या ध्रुवाकडे रोखायचा असतो. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे ३७ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) बाजूला आहे. ध्रुवतारा नुसता मधोमध आणून काम भागवलं तर चूक ३७ कलांची राहते. एका कलेच्या चुकीमुळे तारा मिनिटाला जास्तीत जास्त सुमारे ०.२६ विकला सरकतो. म्हणजे ३७ कलांच्या चुकीत मिनिटाला जवळजवळ १० विकला. हे किती वाईट हे पिक्सेलच्या मापावर ठरतं. ते काढायचं सूत्र सोपं आहे : पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा, फोकल लेंग्थने भागा. ४.३ मायक्रॉनचा पिक्सेल आणि १३५ मिमी लेन्स असेल तर एक पिक्सेल ६.६ विकलांचा होतो, ४०० मिमीवर २.२ विकलांचा. आता पाच कलांची चूक आणि दोन मिनिटांचं एक्स्पोजर धरा. तारा २.६ विकला सरकेल. १३५ मिमीवर ते अर्ध्या पिक्सेलपेक्षा कमी, कोणाच्या लक्षातही येणार नाही. ४०० मिमीवर एका पिक्सेलहून जास्त, तारे लांबट दिसू लागतील. म्हणून सुरुवात १३५ मिमीने करावी असं मी आग्रहाने सांगतो. या लेन्सवर बऱ्याच चुका माफ होतात.

साडेअठरा अंशांच्या उंचीवर वातावरणातल्या अपवर्तनामुळे ध्रुवतारा प्रत्यक्षापेक्षा सुमारे तीन कला वर दिसतो. लहान लेन्सला त्याने काही बिघडत नाही. लांब दुर्बिणीला बिघडतं, आणि उंच अक्षांशांसाठी लिहिलेल्या सूचनांत हा मुद्दा सहसा येत नाही. शार्पकॅपसारख्या काही सॉफ्टवेअरमध्ये अपवर्तनाची दुरुस्ती चालू करण्याची सोय असते, ती इथे चालू ठेवावी.

ध्रुव दिसतच नसेल, म्हणजे गच्चीवर उत्तरेला टॉवर किंवा डोंगरात समोर कडा, तर दोन मार्ग आहेत. नीना या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तीन बिंदूंवरून ध्रुवजुळणी करण्याचं प्लगइन आहे. ते आकाशाच्या कोणत्याही भागातली तीन छायाचित्रं घेऊन अक्ष किती चुकला हे सांगतं. दुसरा मार्ग जुना, ड्रिफ्ट पद्धतीचा. मध्यमंडलाजवळ खगोलीय विषुववृत्तावरचा तारा घ्यायचा, पुण्यात ही जागा दक्षिणेला साडेएकाहत्तर अंशांवर येते. तो उत्तर-दक्षिण सरकला तर माउंट डावी-उजवीकडे फिरवून दुरुस्ती करायची. मग पूर्वेकडचा किंवा पश्चिमेकडचा तारा घेऊन उंची दुरुस्त करायची. पीएचडी२ या सॉफ्टवेअरमध्ये याचा आलेख सरळ दिसतो. सुरुवातीची दिशा मोबाइलच्या होकायंत्राने लावली तरी चालते, कारण पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहून कमी आहे. फक्त मोबाइल माउंटच्या लोखंडापासून आणि गाडीपासून लांब धरावा.

यांत्रिक अडचण वेगळी. अक्ष इतका खाली झुकला की काउंटरवेटचा दांडा खाली येताना ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला लागतो. सर्वच माउंटवर असं होत नाही, पण घरी दिवसाउजेडी एकदा सगळा फेरा हाताने फिरवून बघावा. उपाय दोन : ट्रायपॉड आणि माउंट यांमध्ये एक्स्टेन्शन खांब लावायचा, किंवा जास्त वजनाचं काउंटरवेट दांड्यावर वर सरकवून लावायचं आणि दांडा आखूड ठेवायचा. उंचीचा बोल्ट फिरवताना दुर्बिणीचा भार एका हाताने उचलून धरावा. सगळं वजन बोल्टवर टाकून फिरवलं तर तो वाकतो.

शिवाय आपली बरीच लक्ष्यं डोक्यावरून जातात. कृत्तिका शिरोबिंदूपासून साडेपाच अंशांवरून जातात, वृषभेतला एम १ साडेतीन अंशांवरून. अशा वेळी लांब दुर्बिणीच्या मागे लटकलेला कॅमेरा ट्रायपॉडच्या पायावर येतो. मध्यमंडल ओलांडताना माउंट पलटवायची (दुर्बीण दुसऱ्या बाजूला घ्यायची) वेळ आधीच ठरवून ठेवावी आणि पलटी झाल्यावर गाइडिंग, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारत राहणं, पुन्हा सुरू झालं का ते पाहावं. स्टार ॲडव्हेंचररसारखा छोटा ट्रॅकर असेल तर बॉलहेडऐवजी त्याचा क्रांती-ब्रॅकेट (कॅमेरा उत्तर-दक्षिण फिरवणारी पट्टी) आणि काउंटरवेट वापरावं. कॅमेरा सरळ वर रोखला की बॉलहेड हळूहळू घसरतो. फ्रेम एकेक करून पाहिल्या तर हे कळत नाही, स्टॅक करताना, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचून एक चित्र करताना, कळतं.

गाइडिंगबद्दल थोडक्यात : १३५ मिमीवर एक-दीड मिनिटाची एक्स्पोजर गाइडिंगशिवाय जमतात. ४०० मिमीवर गाइडिंग हवंच. १२० मिमी फोकल लेंग्थची छोटी गाइडस्कोप आणि एखादा मोनोक्रोम गाइड कॅमेरा पुरतो. गाइड एक्स्पोजर दोन-तीन सेकंदांचं ठेवावं, अर्ध्या सेकंदाचं ठेवलं तर माउंट हवेच्या थरथरण्यामागे धावतं. आलेखातली एकूण चूक मुख्य कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलपेक्षा कमी राहिली की समाधान मानावं. गाइडस्कोपचा स्क्रू सैल असेल तर आलेख सुंदर आणि तारे लांबट असा प्रकार होतो. आलेख चांगला असूनही तारे बिघडले तर आधी स्क्रू तपासा.

फोकससाठी बाहतिनोव्ह मास्क, म्हणजे लेन्सपुढे लावायची खाचांची जाळी. तिच्यामुळे ताऱ्याभोवती तीन रेघा दिसतात. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. तेजस्वी तारा घ्या, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा, मधली रेघ दोन तिरक्या रेघांच्या बरोबर मधोमध आली की फोकस रिंगला टेप लावा. मावळात हिवाळ्याची रात्र पहाटेपर्यंत बरीच उतरते. दर तीन-चार अंश तापमान उतरलं की फोकस पुन्हा बघावा. लेन्स एफ/२ची असली तरी एफ/२.८ वर आणावी, कोपऱ्यातले तारे सुधारतात. दवासाठी यूएसबीवर चालणारा हीटर पट्टा लेन्सच्या पुढच्या कडेला बांधावा, आणि तो दव पडायच्या आधीच सुरू करावा. काच एकदा ओली झाली की फडक्याने पुसू नये.

एक्स्पोजर किती? कॅमेऱ्याच्या हिस्टोग्रामची, म्हणजे उजेडाच्या आलेखाची, टेकडी डाव्या भिंतीपासून सुटून पाव ते एक तृतीयांशावर आली की पुरे. तेवढ्यात आकाशाचा गोंगाट सेन्सरच्या वाचन-गोंगाटाला झाकून टाकतो. त्याहून लांब एक्स्पोजर घेतलं तर फक्त तारे जळतात. एफ/४-५ ला शहरात हे ३० ते ६० सेकंदांत होतं, वेल्ह्यासारख्या ठिकाणी दोन ते चार मिनिटं लागतात. आयएसओ ८०० किंवा १६००, फाइल रॉ, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. खरं महत्त्व एकूण वेळेला आहे. गुणवत्ता वेळेच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे दुप्पट स्वच्छ चित्र हवं तर चौपट वेळ द्यावा लागतो. त्यामुळे एका रात्रीत पाच लक्ष्यं घेण्यापेक्षा एका लक्ष्याला अख्खी रात्र द्यावी. एम ३१ ला चार तास दिले तर धुळीचे पट्टे उमटतात. अर्ध्या तासात फक्त गाभा मिळतो.

एम ४२ चा अपवाद. त्याचा गाभा इतका तेजस्वी आहे की दोन मिनिटांच्या फ्रेममध्ये तिथल्या समलंब चौकोनातले चार तारे पांढऱ्या डागात बुडतात. त्याच्या ५ सेकंदांच्या आणि ३० सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घ्याव्यात आणि शेवटी मुखवटा लावून, म्हणजे फक्त गाभ्यापुरत्या, मिसळाव्यात.

दर दोन-तीन फ्रेमनंतर चौकट काही पिक्सेल सरकवणं, म्हणजे डिदरिंग, डीएसएलआरवाल्यांनी टाळू नये. न सरकवता तासन्‌तास घेतलं तर सेन्सरचा ठरावीक गोंगाट तिरक्या रेघांच्या पावसासारखा उमटतो आणि नंतर कशानेच जात नाही. सेन्सरचा उष्णतेचा गोंगाट साधारण दर सहा अंशांना दुप्पट होतो. म्हणूनच एप्रिलच्या गरम रात्रीची चित्रं जानेवारीपेक्षा खरबरीत येतात. थंड करता येणारा कॅमेरा असेल तर उन्हाळ्यात उणे दहाचा हट्ट धरू नये. शून्यावर स्थिर राहिलेला कॅमेरा उणे दहाला धडपडणाऱ्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला, कारण डार्क फ्रेम (सेन्सरचा गोंगाट वजा करायला झाकण लावून घेतलेली चित्रं) त्याच तापमानाच्या जुळवता येतात.

डार्क फ्रेम वीस-तीस, तेच एक्स्पोजर, तेच आयएसओ, झाकण लावून, त्याच रात्री. फ्लॅट फ्रेम, म्हणजे कडांचा अंधार आणि धुळीचे डाग काढायला घेतलेली एकसारख्या उजेडाची चित्रं, पहाटे उजाडताना लेन्सवर पांढरं सुती कापड ताणून, हिस्टोग्राम मधोमध ठेवून, तीस. फ्लॅट घेण्याआधी फोकस हलवला किंवा कॅमेरा फिरवला तर धुळीचे डाग जुळत नाहीत. सगळे थकलेले असतात तेव्हाच फ्लॅटची वेळ येते. तरी ते घ्याच. शहराच्या उजेडात त्यांच्याशिवाय चौकटीच्या कडा कधीच साफ होत नाहीत.

गच्चीवरून काहीच होत नाही असं मात्र नाही. रोझेट, मृग, धनूतला एम ८ असे उत्सर्जन तेजोमेघ मोजक्या तरंगलांबींत प्रकाश देतात : हायड्रोजन-अल्फा ६५६ नॅनोमीटरला, ऑक्सिजन ५०१ ला. ड्युअल-नॅरोबँड फिल्टर एवढ्याच अरुंद पट्ट्या आत सोडतो आणि शहराचा बहुतेक उजेड अडवतो. त्याच्यासोबत पाच मिनिटांची एक्स्पोजर चालतात. साध्या डीएसएलआरमधला कारखान्याचा फिल्टर हायड्रोजनचा बराचसा लाल प्रकाश अडवतो, म्हणून रोझेटसाठी तो फिल्टर काढलेला सुधारित कॅमेरा घेतल्यास फरक मोठा पडतो. दीर्घिकांना या फिल्टरचा उपयोग नाही. त्यांचा प्रकाश अब्जावधी ताऱ्यांचा, म्हणजे सगळ्या तरंगलांबींत पसरलेला असतो. जुने 'सिटी लाइट' फिल्टर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांसाठी केलेले होते. आता रस्त्यांवर पांढरे एलईडी आल्यावर त्यांच्यावर पैसे घालवू नयेत.

वीज मोजून न्यावी. माउंट, थंड कॅमेरा आणि हीटर मिळून तीन अँपिअर धरले तर आठ तासांना २४ अँपिअर-तास लागतात. त्यासाठी ४० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी. गाडीच्या बॅटरीवर रात्र काढली तर पहाटे गाडी सुरू होत नाही, आणि घाटात मदत मिळायला उशीर लागतो.

घरी आल्यावर सिरिल, म्हणजे फ्रेम जुळवणारा संगणकावरचा प्रोग्राम. तो मोफत आहे आणि पुरेसा आहे. स्टॅक करताना सिग्मा क्लिपिंग (बाकी फ्रेमपेक्षा फार वेगळे पिक्सेल वगळणं) ठेवलं की उपग्रहांच्या रेघा निघून जातात, मात्र त्यासाठी किमान पंधरा-वीस फ्रेम हव्यात. मग कडा कापा, आणि चित्र ताणण्याआधी, म्हणजे मंद भाग उजळण्याआधी, पार्श्वभूमीचा उतार (एका कडेकडे वाढत जाणारा उजेड) काढा, सिरिलमध्ये किंवा ग्रॅक्सपर्ट या प्रोग्रामात. ताणल्यानंतर उतार काढायला गेलात तर तो रेषीय राहत नाही आणि दीर्घिकेच्या कडाही सोबत खाल्ल्या जातात. नमुन्याचे बिंदू तेजोमेघावर पडले असतील तर ते हाताने काढून टाका, नाहीतर सॉफ्टवेअर तेजोमेघालाच प्रकाशप्रदूषण समजतं. नंतर रंगजुळणी, तीही प्रत्यक्ष ताऱ्यांच्या मोजमापांवरून होते ती पद्धत वापरून, मग हिरवा गोंगाट काढणं आणि शेवटी ताणणं. पार्श्वभूमी पूर्ण काळी करू नका. ती काळी केली की एम ३१ च्या बाहेरच्या भुजा, ज्यांच्यासाठी रात्रभर बसलो, त्याच आधी जातात.

जून ते सप्टेंबर आकाश बंद असतं आणि पुण्याची दमट हवा काचेवर बुरशी आणते. लेन्स, फिल्टर आणि आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावेत, आत एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवून काटा ४० ते ५० टक्क्यांत राखावा. निळं जेल गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळं करता येतं. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.